वाकडं फाटक

पुणे शहरात रेघ कळणारा माणूस एकच होता आणि तो आमच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या मजल्यावर राहत होता, याबद्दल मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे. भोसरीच्या एका कारखान्यात काकांनी तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर यंत्रांचे नकाशे काढले. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले, नकाशे पडद्यावर निघू लागले आणि काकांना हारतुरे देऊन मुदतीआधीच घरी पाठवलं. हार त्यांनी तिथेच ठेवला आणि स्वतःचा बोर्ड टेम्पोत घालून कर्वेनगरला आणला. मी इथे नवी राहायला आले तेव्हा, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करते म्हटल्यावर, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असं! म्हणजे तुम्हीच त्या," एवढंच म्हणाले, आणि जाता जाता आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून गेले.

कॅलेंडर सरळ करणं हा त्यांचा श्वासोच्छ्वास होता. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी तसबिरी सरळ करायच्या, मग बसायचं. एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी ते स्टेजवर चढले ते वधूवरांच्या नावाची पाटी सरळ करायला, आणि भटजी मंगलाष्टकं थांबवून बघत राहिले. पण दिवाळीत याच माणसाचा काय भाव असायचा! सोसायटीतली प्रत्येक बाई नारळाच्या वडीचं ताट थापून गरम गरम वर न्यायची. काका स्टीलची पट्टी धुऊन घ्यायचे, उजवा डोळा मिटायचे, डाव्याने नेम धरायचे आणि अशा वड्या कापायचे की खाताना आपणच ओशाळावं. रेघ पारखायची ती डाव्या डोळ्यानेच. "उजवा भाबडा आहे, कशालाही बरं म्हणतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

तर सोसायटीला नवीन लोखंडी फाटक बसलं. काका खाली आले, उजवा डोळा मिटला आणि म्हणाले, "वाकडं आहे." कंत्राटदार म्हणाला, "नाही हो काका." काका म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं का? मी सांगितलं." बिचाऱ्याने फाटक काढून परत बसवलं. पुन्हा वाकडं. तिसऱ्यांदा तो वैतागला आणि काका बोटाने जसं दाखवत गेले तसं ठोकत गेला. त्या दिवाळीत वड्याही नागमोडी आल्या. पण काकांना कोण सांगणार? आम्ही सगळ्याजणी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी कंत्राटदारच एक दिवस ओळंबा घेऊन आला. दोरीला टांगलेलं ते शिशाचं वजन गवंड्याच्या हातात आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्याने फाटकाच्या खांबाला दोरी सोडली आणि म्हणाला, "आता बघा." काकांनी उजवा डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. मग हाताने दोरी चाचपली. मी कंपनीच्या बसची वाट बघत तिथेच उभी होते.

"अगं, ही दोरी सरळ आहे का?" त्यांनी मला विचारलं. उभ्या आयुष्यात या माणसाने हा प्रश्न दुसऱ्याला विचारला नव्हता.

"सरळ आहे काका."

"मला मधे वाकलेली दिसते." मग दोरी सोडून म्हणाले, "ओळंबा चुकत नाही. म्हणजे मी चुकतोय."

त्या दिवशी मी बस सोडली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण काकांना पुरून उरणाऱ्या. त्यांनी समजावलं की वयामुळे डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्या पाझरतात, पडदा मधोमध सुजतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. "म्हणजे बेकायदा बांधकाम!" काका ओरडले. "पाडा की मग!" बाई म्हणाल्या, "पाडता येतं. पूर्वी येत नव्हतं. आता डोळ्यातच औषधाचं इंजेक्शन देतात. पण डावीकडे फार उशीर झालाय, तिथे व्रण पडलाय. उजवीकडे आत्ताच सुरुवात आहे. तो वाचवायचा." ज्याला आयुष्यभर भाबडा म्हणून हिणवलं तोच डोळा आता उरला होता. रिक्षात काका घरापर्यंत उजव्या डोळ्यावर तळहात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र चवताळून उठले. नातेवाईक सल्ला द्यायला आले, "आता या वयात कशाला डोळ्यात सुया टोचून घेता?" काका म्हणाले, "उरलेला डोळा तुम्ही वापरणार आहात का? नाही ना? मग चहा घ्या आणि निघा." दर महिन्याला ते ताठ मानेने जायचे, डोळ्यात सुई घ्यायचे आणि डोळा लाल घेऊन यायचे. मला हुकूम होता की या रोगावर जगात कुठेही काही नवं निघालं की मोठ्या अक्षरात छापून आणायचं. ज्या कॉम्प्युटरने त्यांचा बोर्ड हिसकावला त्याच्याकडून ते आता व्याजासकट वसुली करत होते. भिंग लावून एकेक ओळ काकूंना वाचून दाखवायचे आणि डॉक्टरीणबाईंपुढे प्रश्नांचा कागद ठेवायचे. नवीन औषधाने दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवता येतं हे वाचून त्यांनी विचारलं, "हे मला का नाही?" बाई हसून म्हणाल्या, "पुढच्या वेळी तेच सांगणार होते." काका म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंत?"

घरी रोज बघायला बाईंनी एक चौकटींचा कागद दिला होता. एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, रेघा वाकड्या दिसल्या तर धावत यायचं. काकांनी तसाच कागद आपल्या बोर्डावर स्वतः आखला, एकाच डोळ्याने, आणि आमच्या लिफ्टमध्ये चिकटवला. सेक्रेटरींनी नियमावर बोट ठेवून तो काढला. काकांनी परत लावला. अकरा वेळा काढला, बारा वेळा लावला. लिफ्टमध्ये साठीचं कुणी सापडलं की काका दार अडवून म्हणायचे, "एक डोळा झाका. मी सहा महिने लोखंडाला दोष देत बसलो. तुम्ही तो गाढवपणा करू नका." शेवटी सेक्रेटरींच्याच आईला रेघा वाकड्या दिसल्या आणि तिचा डोळा वेळेत वाचला. तेव्हापासून कागद काचेच्या चौकटीत आहे.

फाटक मात्र त्यांनी सरळ करू दिलं नाही. तिसऱ्यांदा ठोकल्यावर ते खरोखरच वाकडं झालं होतं. "राहू दे. माझी चूक आहे, मला रोज दिसली पाहिजे," म्हणाले. आणि दिसली. उजवा डोळा शेवटपर्यंत टिकला. दगा दिला तो हृदयाने, एका सकाळी चहा घेता घेता. मी धावत वर गेले, तर काकू रडत नव्हत्या. "पंखा बंद कर, डोळ्यांवर ओला कापूस ठेव आणि नेत्रपेढीला फोन लाव," म्हणाल्या. "सहा तासांत यावं लागतं त्यांना. यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलंय." डोळ्याचा पडदा बिघडला तरी पुढची पारदर्शक काच दुसऱ्याला चालते, हे काकांनी कधीच डॉक्टरीणबाईंकडून वदवून घेतलं होतं. फोन झाला आणि मग काकू रडल्या. मीही रडले.

त्या काचा कुणाला बसल्या ते सांगत नाहीत, आणि मी विचारलंही नाही. पण रोज बसची वाट बघताना मी फाटकापाशी उभी असते. एखाद्या दिवशी रस्त्याने जाणारं कुणीतरी अनोळखी माणूस थांबेल, एक डोळा मिटेल आणि मला म्हणेल, "अहो, हे वाकडं आहे." त्या दिवशी मी बस सोडणार आहे आणि त्या माणसाला वर काकूंकडे चहाला नेणार आहे.