बंदुकीवरची पितळी खाच

आमच्या दादाला डुकराने फाडलं, आणि ते डुक्कर पिसाळवून त्याच्या अंगावर कोणी घातलं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भावकीतला आमचा काका. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वाडीत परवान्याच्या बंदुका दोनच, एक त्याची आणि एक आमच्या वडिलांची. त्या शिमग्याच्या पारधीला वडील तापाने अंथरुणात होते, म्हणून आमची बंदूक खुंटीलाच राहिली. रानात एकच बार झाला, तो काकाचा. थोड्या वेळाने दादाची किंकाळी ऐकू आली.

आमच्याकडे पारधीचा पहिला नियम असा: बंदूक घेऊन बारीवर, म्हणजे जनावराच्या वाटेवर, बसलेल्याच्या हातून सावज जखमी होऊन सुटलं, तर त्याने जीव खाऊन ओरडायचं. मग रान उठवत येणारे हाकेवाले मिळेल त्या झाडावर चढतात. काका ओरडला नाही. सावज हातचं गेलं हे लोकांना कळेल, एवढीच त्याला लाज. संध्याकाळी देवळासमोर मात्र त्याला चांगला कंठ फुटला. "मी भेकरावर बार टाकला, तो फुकट गेला. डुक्कर तर मी पाह्यलंच नाय. पोरानं रांग सोडली, निजल्या डुकरावर पाय दिला, त्याला मी काय करू?"

वाडीने ते मानलं. दादाची मांडी गुडघ्यापर्यंत उसवलेली, उलट बोलायला तो शुद्धीवर कुठे होता? पुढे बरा झाला, पण पाय ओढत चालू लागला, आणि हाका फोडणारा म्हणून त्याचं नाव झालं ते झालंच. हाका फोडणं म्हणजे बरोबरच्यांचा जीव धोक्यात घालणं, अशा माणसाला आमच्यात कोणी पारधीला बोलवत नाही. दादा मला एकट्याला सांगायचा, "माझ्यावर येण्याच्या आधीच त्याच्या फऱ्यातून रगात गळत होतं रे. एक सुळा मोडका होता." काका तोवर जिथे तिथे सांगत सुटला होता, की पोराचं रक्त पाहिल्यापासून आपल्याला बंदूक धरवत नाही. बायका हळहळायच्या. माझं डोकं फिरायचं.

मला ते डुक्कर हवं होतं, पण नुसतं मारून माझं भागणार नव्हतं. मला त्याच्या फऱ्यातले, म्हणजे मागच्या मांडीतले, काकाचे छर्रे हवे होते. मीही छर्ऱ्यांचं काडतूस झाडलं असतं तर कुठले कोणाचे हे कोण सांगणार? म्हणून माझी एकच गोळी, आणि तीही एकदाच.

आमची बंदूक बारा बोअरची एकनळी. नळीच्या टोकाला बारीक मण्याएवढी माशी, बाकी काही नाही. छर्रे पसरतात, त्यांना तेवढं पुरतं. एका गोळीला पुरत नाही. शेतात गवताचं पोतं उभं करून मी पहिला बार टाकला तर गोळी पोत्यावरून जाऊन मागच्या बांधात घुसली. गाल जरासा वर राहिला की नेम गेलाच. मागेही काहीतरी हवं होतं, ज्यातून माशी बघता येईल.

फुटक्या स्टोव्हच्या टाकीचा पितळी तुकडा घेऊन मी महाडला गेलो. भांड्यांना डाख देणाऱ्याकडून तो नळीच्या मागच्या बाजूला आडव्या पट्टीसारखा उभा बसवून घेतला. खाच मात्र घरी मीच पाडली, तिकोनी कानशीने. गोळी वर जात असेल तर खाच खोल करायची, पण जास्त खोल झाली तर परत भरता येत नाही. म्हणून कानस दोनदा फिरवायची आणि थांबायचं. काडतुसं मोजकीच मिळत, त्यामुळे एक बार टाकला की कितीतरी दिवस नुसता नेम धरून बसायचो. खाचेत माशी, माशीवर पोतं. पोत्याच्या जागी मला काकाचं तोंड दिसायचं, खोटं कशाला सांगू?

एकदा तो आमच्या ओटीवर आला आणि ती पट्टी बघून हसला. "बंदुकीला चष्मा लावलास काय रे?" मीही हसलो.

पुढच्या शिमग्याला वडिलांनी बारी मला दिली. दादा घरीच. काका हात हलवत आला, बंदुकीविना, दुःखी चेहरा करून. दुपार कलताना मोडक्या सुळ्याचं धूड ओढ्यात उतरलं आणि कान टवकारून उभं राहिलं. मी गाल दाबला. गोळी पुढच्या पायामागे लागली. ते चार ढांगा टाकून पडलं.

देवळासमोर सोलायला मीच बसलो. फऱ्याच्या कातड्याखाली हाताला गाठी लागल्या. वर मांस धरलेले जुने छर्रे एकेक काढून मी पळसाच्या पानावर ठेवले. एव्हाना सगळी वाडी जमली होती, दादाही काठी टेकत आला होता. पाटलांनी मुंडकं माझ्यापुढे सरकवलं. आमच्यात मुंडकं मानाचं, ज्याचा पहिला बार लागला त्याचं.

"थांबा," मी म्हणालो, "ह्याला आधी कुणाचा तरी बार लागलाय. पलीकडच्या गाववाल्यांचा असंल. मुंडकं त्यांना धाडू."

मानावर पाणी सोडणारा माणूस नव्हता काका. तडक पुढे आला.

"पलीकडल्यांचा? त्यांच्या बापाला जमतंय काय! मागल्या शिमग्याला मीच फऱ्यात घातलाय. पयला बार माझा, मुंडकं माझं!"

आपण काय बोलून बसलो हे काकाला कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात दादाने विचारलं, अगदी हळू, "मग काका, तुमी वरडला का नाय?"

काकाने इकडे तिकडे पाहिलं. कोणी नजर देईना. मी मुंडकं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या छातीशी दिलं. "धरा. मान तुमचा." त्याने ते धरलं, आणि रक्त त्याच्या धोतरावरून खाली गळू लागलं. पाटलांनी दादाला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

त्यानंतर काकाला कोणी पारधीला बोलावलं नाही. आता तो नाही, आणि गेलेल्या माणसाचं वाईट काढू नकोस असं दादाच मला सांगतो. दादाने त्याला माफ केलं असेल. मी केलेलं नाही. मुंडकं कवटाळून उभा असलेला तो आठवला की मला अजून दोन घास जास्त जातात.