मास्तरांचा धाकटा थेंब

भाईंदरच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी शास्त्राचे शिक्षक भोईर मास्तर व्हरांड्यात माठाच्या तोटीसमोर उकिडवे बसले होते. मी नमस्कार केला. "थांबा, तुटतोय," म्हणाले. थेंब पडल्यावरच त्यांनी वर पाहिले. माणूस चक्रम दिसतो, असे तेव्हा मनात आले. आज त्यांच्या साठीनिमित्त सांगतो, इतका शहाणा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

थेंब सुटताना त्याच्यामागे पाण्याचा बारीक धागा ताणला जातो आणि तुटून त्याचा एक धाकटा थेंब होतो, हे शास्त्राला ठाऊक होते. शेजारच्या मुर्धा गावच्या मिठागरातल्या दाट पाण्यातही तो होतो का, हा मास्तरांचा ध्यास. मुंबईचे एक प्राध्यापक म्हणाले होते, "फोटो आणा, मग बोलू."

दुसऱ्या महायुद्धात फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या. जपून ठेवलेल्या शेवटच्या काचांवर मास्तरांनी विजेच्या ठिणगीच्या उजेडात मिठागरातल्या पाण्याच्या थेंबांचे फोटो घेतले. आता त्या धुवायच्या होत्या, आणि घरची विहीर खारट. मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कळशी घेऊन पुढे आल्या. "गोडं पानी हाय, घ्या की."

"ते प्यायचं. आळीतल्या बाया उन्हातान्हात कुठनं कुठनं आनतात. त्यांच्यादेखत मी काचा धुऊ? न्हाय जमनार."

काचा विहिरीच्याच पाण्यात धुतल्या. ओली काच खिडकीशी धरून त्यांनी मला दाखवली. वर तोटी, खाली थोरला थेंब आणि मधोमध धाकटा! मास्तर खुदकन हसले. काचा वाळल्या, आणि सगळीकडे मिठाचे ठिपके उमटले. एक पुन्हा धुऊन पाहिली, तर तिच्यावरचा फोटोचा लेपच सुटून आला.

प्राध्यापकांनी भिंगातून पाहिले. "यात थेंब कुठला आणि डाग कुठला, तुम्हीच सांगा," म्हणाले. त्यांचेही चुकले नाही. त्या कळशीबद्दल मास्तर कधी चकार शब्द बोलले नाहीत. मीच अजून चरफडतो. एवढा चांगुलपणा कशाला हो, मास्तर?

आता काचा मिळू लागल्या आहेत, पण मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. विषय काढला की म्हणतात, "कधीकधी मलाच वाटतंय, डागच असेल तो."

हे मला ऐकवत नाही. मास्तरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि साठीचा हा गौरव अंक ज्यांच्या हाती पडेल, त्यांना मी माझ्या नावानिशी सांगतो: काच ओली होती, मीठ अजून उमटायचे होते, तेव्हा मी तो थेंब पाहिला आहे.