पुढच्या टाकीतलं पाणी

म्वाडिमे केनियातल्या वोई गावचा. रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं पुसण्यापासून त्याने सुरुवात केली. मग फायरमन झाला, मग यार्डात डबे ढकलणारा ड्रायव्हर. यार्डात त्याचा हात चांगला बसला होता, पण तिथे पाय मोकळे करायलाही जागा नाही असं तो म्हणे. त्याला मोंबासा–नैरोबी मालगाडीचं मोठं इंजिन हवं होतं.

ते इंजिन म्हणजे मधे एक बॉयलर आणि त्याच्या दोन्ही टोकांना सांध्यावर वळणारे चाकांचे दोन संच. पुढच्या चाकांवर पाण्याची टाकी, मागच्या चाकांवर जळणाच्या तेलाची. इंजिनाच्या मागेच झोपायचा डबा. दोन ड्रायव्हर, दोन फायरमन. एक जोडी चालवायची, दुसरी झोपायची.

आमचं इंजिन ओचोला या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात होतं. त्याचा जोडीदार निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या जागी म्वाडिमेला एका फेरीपुरतं दिलं. मी त्याचा फायरमन.

सकाळी पाळी बदलताना ओचोला म्हणाला, "हे बघ पोरा. मकिंडू ठाण्यापुढची चढण संपेपर्यंत मला जाग आली नाही, तर तू माझा जोडीदार. जाग आली, तर परत यार्डात."

"बाबा, तुम्ही घोरायला लागा," म्वाडिमे म्हणाला. "बाकीचं माझ्याकडे."

मकिंडूच्या अलीकडे पाऊस भुरभुरू लागला. म्वाडिमेने पुढच्या टाकीची पातळी पाहिली आणि वेग कमी केला.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"पाणी घेतोय."

"अरे, अर्धी टाकी आहे! नैरोबीच्या अलीकडच्या ठाण्यापर्यंत सहज पुरेल."

"वाफेला पुरेल. चाकांना नाही. टाकी हलकी झाली की पुढची चाकं ओल्या रुळावर गरगरा फिरतील."

"गाडी थांबली की म्हातारा उठणार. हलत्या डब्यात झोपणाऱ्याला थांबलेल्या डब्यात जाग येते, तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग यार्डात जायची हौस आहे का?"

"चढणीवर अडकायची नाही," तो म्हणाला आणि ब्रेक लावला.

मकिंडूच्या ठाण्यावर मी खाली उतरून पाण्याच्या नळाची सोंड टाकीत सोडली. टाकी काठोकाठ भरली. त्या सगळ्या वेळात म्वाडिमेने झोपायच्या डब्याकडे एकदाही पाहिलं नाही. निघताना त्याने वाफेचा रेग्युलेटर इतका हळू उघडला, की मागचे डबे एकामागून एक ताणले गेलेले नुसते ऐकू आले. धक्का असा बसलाच नाही.

चढणीला मी ज्वाला वाढवली. पाऊस आता नीट पडत होता. मधल्या वळणावर पुढची चाकं एकदा घसरली. दुसरा फेरा पुरा व्हायच्या आत त्याने वाफ तोडली, रुळावर वाळू सोडली, पुन्हा वाफ दिली. चाकांनी रूळ धरला. वेग माणसाच्या चालीवर आला होता, पण तिथून खाली उतरला नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा माझा सदरा पिळण्यासारखा झाला होता.

पुढच्या ठाण्यावर ओचोलाची पाळी. तो बाहेर आलाच नाही. शेवटी म्वाडिमेने दारावर मूठ आपटली.

"बाबा, उठा!"

ओचोला डोळे चोळत बाहेर आला. "चढण कधी झाली?"

"मघाशीच. पण मकिंडूला थांबलो होतो. तिथे तुम्हाला जाग आली असेल."

"आली ना. शिव्या घालायला खिडकीतून डोकं काढलं, तर हा पुढच्या टाकीत पाणी सोडत होता." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हटलं, आता झोपायला हरकत नाही."

"म्हणजे मी यार्डात?" म्वाडिमेने विचारलं.

"यार्डात कोण जाऊ देतंय तुला? जा, आडवा हो. परतताना चढणीची पाळी तुझीच."

पुढे म्वाडिमेने ते इंजिन वाफेचे दिवस संपेपर्यंत चालवलं. मी नंतर ओचोलाच्या पाळीचा फायरमन झालो; म्वाडिमेच्या पाळीत डब्यातल्या बाकावर झोपायला गेलो, की जेवायलासुद्धा मला हलवून उठवावं लागे.