झाकून ठेवलेली हाक

भुताखेतांवर माझा कधी विश्वास बसला नाही, हे आधी लिहून ठेवते. आमच्या ओढ्याकाठी एक जुनी चिंच आहे. बायका तिच्याखालून पदर सावरत घाईनं जातात. मी तिथं शेळ्या बसवून निवांत भाकरी खाल्लेली आहे. मासिकात लोकांचे असे अनुभव छापून येतात. माझी पुतणी पूजा ते मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मी मनात म्हणायची — या लोकांना रिकामा वेळ लई दिसतोय. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली. माझी शाळा चौथीपर्यंत. हे कुठं पाठवायचं नाही, तेवढा धीरही नाही. चार माणसांत मला दोन शब्द धड बोलता येत नाहीत... कागदापुढं लाज वाटत नाही, म्हणून लिहिते.

एक गोष्ट मात्र मी लहानपणापासून पाळत आले. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आईनं शिकवलं होतं — बाहेरून कुणी हाक मारली तर गप्प राहायचं. माणूस असेल तर पुन्हा मारेल, तिसऱ्यांदाही मारेल. जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं, आणि आपण ओ दिली की आपल्याला घेऊन जातं. याच्यावर विश्वास होता का? नाही. सवय होती. उंबऱ्यावर बसत नाही, तशीच ही.

आमचं घर तुळजापूर तालुक्यात, तामलवाडीच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत शेतात. घरात तिघंच. मी, आमचे मालक आणि एकुलती लेक अश्विनी. तिला आम्ही आशू म्हणायचो. बारावी झाल्यावर ती तुळजापुरात एका मोबाईलच्या दुकानात कामाला लागली. सकाळच्या एसटीनं जायची, दिवस मावळायला यायची. कवाडातूनच हाक मारायची — "आई!"

मी चुलीपुढं असायची, पण गप्प.

"आई! आई! झाल्या तीन. दे आता ओ. भुताला एसटीचा पास नसतोय गं!"

मग मी हसत ओ द्यायची. घरालगत शेळ्यांचं सपर, त्यात आमची चांदी बांधलेली असायची — आशूनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली काळी शेळी, कपाळावर पांढरा ठिपका. ती आशूच्या पहिल्याच हाकेला उठून उभी राहायची, कवाडाकडं मान करून ओरडायची.

"बघ, ही पहिल्या हाकेला ओ देती," आशू म्हणायची. "आणि तू आई असून तीन मागती. उद्या मी दुकानातून फोन केला तर तीनदा कट करून लावू का?"

तिच्या फोनच्या विषयावरही आमचं असंच चालायचं. "दिवाळीला मी नवीन घेते आणि हा तुला देते," ती म्हणाली.

"मला नको बाई. माझ्या हातानं भलतंच काहीतरी दाबलं जाईल."

"म्हणून तर सगळं झाकून ठेवणार हाय. वर फक्त तीन चित्रं. फोनचं, फोटोचं आणि भजनाचं. बाकीची ॲपं आत लपवून टाकते."

"आणि ती जातात कुठं?"

"तुझ्या कनवटीला!" ती लई हसली. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "झाकलंय म्हणजे गेलं न्हाय, आई. आत त्याचं काम चालूच असतंय."

दिवाळी आलीच नाही. भाद्रपदात तिला ताप आला. तुळजापूरला दाखवलं, तिथून सोलापूरला नेलं. शेवटी मला आत सोडलं तेव्हा तिच्या तोंडात नळी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. नळीभोवती ओठ हलले... त्या दिवशी तिनं एक हाक मारली असती तरी मी ओ दिली असती. हाक निघालीच नाही.

तिचा फोन दवाखान्याच्या पिशवीतून घरी आला. मालकांनी तो तसाच बंद, माझ्या लोखंडी पेटीत ठेवला. हिवाळा गेला. संक्रांतीनंतर मला तिचे फोटो बघावेसे वाटले म्हणून मी तो काढला, चार्जिंगला लावला. सुरू झाला. लॉक नव्हतं. वर तीनच चित्रं होती. म्हणजे तिनं फोन माझ्यासाठी आधीच तयार करून ठेवला होता. मी फोटो न बघताच तो फळीवर ठेवला आणि बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी सपरात शेळ्यांना पाणी दाखवत होते. घरातून आवाज आला — "आई..."

आशूचा. माझ्या हातातून बादली खडखडाट करत कलंडली, त्यात पुढचं काही कळलं नाही. ओ अगदी ओठापर्यंत आली होती, पण जन्माची सवय... मी तोंडावर पदर दाबला आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले. ती आली नाही. चांदी मात्र उठून उभी होती.

पुढच्या दुपारीही तसंच. एकच हाक. मी कान दाबून बांधाकडं पळाले. शेजारच्या वस्तीवरच्या मथुराबाईंना सांगितलं, तर त्यांनी माझा दंडच धरला.

"ओ दिली का तू?"

"न्हाय."

"देऊ नको! लेक असली म्हणून काय झालं. तिला तुझी ओढ हाय, घेऊन जाईल तुला."

जाऊ दे की घेऊन, असं माझ्या मनात आलं. 

मग माझ्या लक्षात आलं की हाक फळीवरून, फोनमधून येते. फोनवर तर ती तीन चित्रं सोडून काहीच नव्हतं. मी तो गोधडीत गुंडाळला आणि पेटीत घातला. तरी दुपार झाली की पेटीतून बारीक आवाज यायचा, विहिरीच्या तळातून यावा तसा. पुढं काहीतरी पुटपुटल्यासारखं, मग शांत. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मनाचा खेळ हाय तो, आशूची आई. तू जेवत न्हाईस, झोपत न्हाईस." एका दुपारी ते घरी थांबले. हाक आली. त्यांच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

त्यांनीच सोलापूरहून पूजाला बोलावून घेतलं. ती थोरल्या दिरांची मुलगी, शिकलेली, आशूची लाडकी ताई. तिनं फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये गेली, आत कुठंतरी सगळी ॲपं दाखवणारं पान काढलं.

"काकू, यात एक ॲप लपवलेलं आहे. वर दिसत नाही, पण आत चालू आहे. औषधाची आठवण करून देणारं."

मला बीपीची गोळी आहे, दुपारच्या जेवणानंतरची. मी ती कायम विसरायची. आशू कामावर, आठवण करणार कोण? पूजानं बोट लावलं आणि घरात आशूचा आवाज भरला —

"आई... जेवलीस का? गोळी घे. खोटं बोलू नको, आल्यावर पाकीट बघीन मी."

आणि शेवटी हसणं, अर्ध्यात तुटलेलं.

इतक्या दुपारी माझी लेक मला जेवलीस का विचारत होती, आणि मी तिला गोधडीत कोंबत होते.

मालक टॉवेलात तोंड घालून रडले. मग तोंड पुसून म्हणाले, "पूजा, काढून टाक ते. रोज ऐकून ही खुळी होईल."

"काकू, काढू ना?" पूजानं मला विचारलं.

मला नको म्हणायचं होतं. दोघं माझ्याकडं बघत होते... माझ्याच्यानं बोलवेना. मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत राहिले. पूजाला ते हो वाटलं. तिनं दाबलं.

"झालं, काकू. आता त्रास नाही व्हायचा."

सांजच्याला भांडी घासताना मी तिला हळूच विचारलं, "परत आणता येतंय का गं ते?"

तिचा हात थांबला. "काकू... तुम्हाला नको आहे असं वाटलं मला. आवाज त्या ॲपमध्येच होता."  राखेच्या हातांनीच तिनं मला मिठी मारली.

त्यानंतरच्या दुपारी फार मोठ्या झाल्या. फोन मी पेटीतच ठेवला, परत चार्जिंगला लावला नाही. काय ऐकायला लावायचा? गोळीही सुटली. जेवले तर जेवले. विचारणारं कुणी नव्हतं.

चैत्रातली गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. मालक शेतावर होते. मी सपरात सूप घेऊन तूरडाळ निवडत बसले होते. तुळजापूर रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज लांबून येत होता, बाकी सगळं सुन्न.

"आई."

पेटीतून नाही. घरातून नाही. कवाडातून — एसटीतून उतरून ती यायची, तिथून.

माझी मूठ सुपातच राहिली. समोर चांदी उठून उभी राहिली.  मोबाईलमध्ये एवढंच होतं ना, एक हाक आणि मग जेवलीस का... मी 'जेवलीस का'ची वाट बघू लागले.

"आई!"

दुसरी. जरा मोठ्यानं, चिडल्यासारखी. चांदी कवाडाकडं मान करून ओरडली. अशी ती भाद्रपदापासून एकदाही ओरडली नव्हती.

"आई! झाल्या तीन."

"ओ!" मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कुणाशी बोललेली नाही. "ओ, आशू! जेवले न्हाय गं अजून... जेवते. आत्ता जेवते. गोळी घेते!"

कवाडात कुणी नव्हतं. ऊन होतं नुसतं. चांदी बराच वेळ तिकडंच बघत उभी होती, मग खाली बसून रवंथ करायला लागली. मी उठले, भाकरी घेतली, रडत रडत खाल्ली. गोळी घेतली. मला न्यायला काही कुणी आलं नाही... मी तयार होते.

मग पेटी उघडली. फोन गोधडीत होता तसाच, बॅटरी संपून बंद पडलेला. चार्जिंगला लावला, तर तीनच चित्रं. पूजाला कळवलं. ती पुढच्या सुट्टीला येऊन सगळं शोधून गेली — "नाही काकू, ते ॲप गेलंय. आणि 'झाल्या तीन' असं त्यात कधी नव्हतंच, आपण ऐकलं होतं ना." मथुराबाई त्या दुपारी बांधावर होत्या. त्यांनी माझी ओ ऐकली, हाक काही ऐकली नाही. मग मी म्हणते, चांदीनं काय ऐकलं?   मी खोटं लिहीत असेन तर हे लिहिणारा हात झडो.

मालकांना सांगितलं. ते चांदीच्या पाठीवरून हात फिरवत बसले. पण तेव्हापासून ते दुपारची भाकरी शेतात बांधून नेत नाहीत. घरी येतात आणि कवाडाकडं तोंड करून जेवतात.

हाक पुन्हा आली नाही. तिला ओ मिळाली, आता ती कशाला येईल, असं मी मनाला सांगते. गोळी चुकवत नाही. रिकामं पाकीट फळीवर ठेवते, कुणी बघेल म्हणून.

आणि आता मी कुणाच्याही पहिल्या हाकेला ओ देते. परवा बोहारीण कवाडात पुरती हाक मारायच्या आत मी ओ देऊन बसले. मथुराबाईंनी कपाळाला हात लावला — "अगं बाई, थांबत जा की जरा! माणूस असलं तर मारील की दुसरी."

मला आता थांबवत नाही. कुणास ठाऊक, एखाद्याकडं एकच उरलेली असायची.