आजीची गिऱ्हाइकं

मे महिना संपत आला होता. अकोल्याहून मी बदलापूरला उतरले आणि दहा पावलांत घामाने निथळले. आमच्याकडचं ऊन भाजून काढतं, इथलं उकडून काढतं. स्टेशनबाहेर बायका जांभळांच्या टोपल्या घेऊन ओळीने बसल्या होत्या, पळसाच्या द्रोणात काळीभोर, टपोरी जांभळं. एरवी मी भाव करायला बसले असते, त्या दिवशी मला रडू आलं. माझी आजी, वडिलांची आई सोनाबाई, हाच धंदा करत जगली आणि नव्वदी ओलांडून नुकतीच गेली होती. तिच्या पुण्यानुमोदनासाठी (आम्हा बौद्धांमध्ये गेलेल्या माणसासाठी होणारी वंदना, दान आणि जेवण) मी आले होते.

कुळगाव मागे टाकून नदीवरचा पूल ओलांडला की आमचं गाव. दारात प्रल्हादकाका मंडपवाल्याशी हुज्जत घालत होता. काका म्हणजे आजीचा धाकटा मुलगा, कारखान्यातून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. चहा घेतल्या घेतल्या मी विचारलं, "काका, गिऱ्हाइकांना आवतण गेलं का?"

काकाचा चेहरा पडला. आजीने जाण्याआधी सगळ्यांना एकच गोष्ट बजावून ठेवली होती. "माज्या कार्याला आधी माजी गिराईकं जेवतील, मंग तुमी. त्यांच्या जिवावं तुमी मोठं झालंव."

"कोण येणार गं आपल्या वस्तीत जेवायला?" काका म्हणाला. "जांभळं विकत घेणं वेगळं, पंगतीला बसणं वेगळं. मी लहानपणी तिच्याबरोबर फिरलोय. कुळगावात एका घरी पाणी मागितलं, तर माझ्या ओंजळीत वरून ओतलं. चूळ भरायला देतात तसं. उद्या पानं मांडायची, ती रिकामी राहायची आणि अख्ख्या गावासमोर आईचं हसं व्हायचं. मला ते नको."

आजीचं हसं होईल ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "मी आणते त्यांना."

"आण," काका म्हणाला. "उद्याच्या दुपारपर्यंत आण."

जेवण न करताच मी दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. बदलापूर ते अंबरनाथ, अंबरनाथ ते उल्हासनगर. दोन्ही बाजूंना आता सलग इमारती, मॉल, क्लासच्या पाट्या. हा सगळा रस्ता आजी डोक्यावर टोपली घेऊन चालत यायची, आणि तेव्हा इथे गवत होतं. पूल पाण्याखाली गेला तर ती नदीत उतरायची. टोपली डोक्यावर, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला आणि पाणी गळ्याशी. नागपूरला दीक्षा घ्यायला निघाली तेव्हा सासूला "बाजारात जाऊन येते" एवढंच सांगून गेली आणि पांढऱ्या लुगड्यात परत आली. सासूने विचारलं, "बाजारातून काय आणलंस?" आजी म्हणाली, "माणूसपण आणलं. निम्मं तुमचं." पुढे सासूनेही दीक्षा घेतली. अशा बाईची नात होऊन मी काकाच्या एका वाक्याने घाबरले होते, याचा मला रिक्षात बसल्या बसल्या राग येत होता.

उल्हासनगरात सिंधी वस्तीच्या कॅम्प पाचमधल्या गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंनी शिलाई मशीनची खडखड. गॅलरीत निळ्या जीन्स वाळत टाकलेल्या. मी पहिल्या दुकानात विचारलं, "सोनाबाई माहीत आहेत का? जांभळं विकायच्या."

"कौन सोनाबाई? आगे पूछो मॅडम."

पुढे विचारलं, त्याच्याही पुढे विचारलं. सोनाबाई हे नाव कुणी ऐकलेलंच नव्हतं. गल्लीच्या टोकाशी मी मटकन एका ओट्यावर बसले. काका खरं बोलत होता की काय? तेवढ्यात एक पाववाला हेल काढत सायकलवरून गेला आणि भराभर दारं उघडली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दारावर येणाऱ्याला त्याचं नाव कोण विचारतं? लोक ओळखतात ती आरोळी! आजीची आरोळी मला पाठ होती, ती घरीसुद्धा आम्हाला तशीच जेवायला हाक मारायची.

मी बँकेत काम करते. काउंटरमागे बसून हळू आवाजात बोलायची सवय. पहिल्यांदा जेमतेम कुजबुजले. मग डोळे मिटले आणि ओरडले, "नदीकाठचं जांभूळऽऽ, आलं गो दारातऽऽ!"

मशीनची खडखड थांबली. वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली आणि एक पांढऱ्या केसांची बाई ओणवी होऊन बघू लागली. "अम्मा? जामुनवाली अम्मा आई क्या?"

मी खालूनच सांगितलं, "अम्मा गेली. मी तिची नात."

ती जिना उतरून आली, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत. लाजवंती आंटी, तिनेच नाव सांगितलं. मला हाताला धरून वर नेलं, स्वतःशेजारी सोफ्यावर बसवलं आणि सून पाण्याचा ग्लास घेऊन आली, सोबत भाजलेला पापड. आमच्या गावच्या घरात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड मिळतो, आणि सगळं गाव त्याला म्हातारीचा चक्रमपणा म्हणतं. तो रिवाज आजीने इथून उचलला होता तर! म्हणजे ती या घरात उंबऱ्याबाहेर उभी राहत नव्हती. इथेच बसत होती.

"मेरा बडा बेटा हुआ ना," आंटी सांगू लागली, "तब बंद था. रिक्षा नहीं, टांगा नहीं. तुम्हारी डाडी (आजी) ने जामुन की टोकरी फेंकी रस्ते पे, भाजीवाले की हाथगाडी छीनी और मेरे को लिटाके खुद ढकेलते अस्पताल ले गई. रस्ते में कोई रोके तो ऐसी सिंधी में गाली देती थी, मेरी सास शरमा गई!" सांगता सांगता ती हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. आजीने हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. तिने सांगितलेलेच पराक्रम इतके होते की याचा नंबर लागला नसावा.

मी आवतण दिलं. आजीची इच्छाही सांगितली. आंटीने गुडघे चोळले. "देखती हूं, पुट (लेकरा). घुटने बहोत दुखते हैं." मी बरं म्हटलं, पण आतून खट्टू झाले.

अंबरनाथ पूर्वेला आजीचं जुनं गिऱ्हाईक, वैद्यबाई भेटल्या, तिसऱ्या मजल्यावर. आरोळी द्यावी लागली नाही, "बदलापूरची जांभूळवाली" म्हटल्याबरोबर त्यांनी दार पूर्ण उघडलं. एकदा त्यांचं तान्हं आत आणि त्या बाहेर असताना दार लॉक झालं होतं. आजीने काष्टा मारला आणि शेजारच्या गॅलरीतून यांच्या गॅलरीत उडी घेतली. "तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती हो! मी डोळे मिटून घेतले होते." येण्याचं विचारलं तर म्हणाल्या, "मुलाला विचारून बघते."

कुळगावातलं ते ओंजळीच्या पाण्याचं घर मला मुद्दाम बघायचं होतं, काकाला फोनवर विचारून तिथे पोचले. तिथे टॉवर उभा होता. वॉचमनने मला गाडी कुठे लावणार म्हणून विचारलं. भांडायला आलेल्या माणसाला भांडणच मिळू नये तसं झालं. मी परत फिरले.

दुसऱ्या दिवशी भन्तेजींची (बौद्ध भिक्खूंची) वंदना झाली. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत मंडपात बसलेली. मोठ्या पातेल्यांतून भात आणि वरणाची वाफ निघत होती. काकाने पहिली पंगत मांडली, पानं वाढली, आणि त्यांवर बसायला कुणीच नव्हतं. लोक बघत होते. काका माझ्याकडे मात्र बघत नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. बराच वेळ गेला. शेवटी तो हळूच म्हणाला, "आता गावाला बसवू या, बाई."

तेवढ्यात पुलाच्या बाजूने हॉर्न ऐकू आला. जीन्सचे गठ्ठे वाहणारा टेम्पो आणि त्यात उभ्या राहिलेल्या कॅम्पातल्या बायका! मागे रिक्षात वैद्यबाई. लाजवंती आंटीला चौघींनी उचलून खाली उतरवलं. सगळ्यांच्या हातात डबे, पातेली. साईभाजी (पालक आणि चण्याच्या डाळीची भाजी), कोकी (कांदा-मिरची घातलेली जाड पोळी), वैद्यबाईंचा दहीभात.

"हे कशाला?" काका गोंधळून म्हणाला. "जेवण तयार आहे. आधी तुम्ही बसा. आईने सांगितलंय, पहिलं पान गिऱ्हाइकांचं."

आंटी भडकलीच. "गिराईक? किसको बोला गिराईक? घर में गमी (दुखवटा) है, चूल्हा ठंडा होगा, सोच के रात से पका रहे हैं हम! ऐसे टाइम घरवाले खिलाते हैं, खाते नहीं." घरात चूल कधीच पेटली होती, हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. तिने कोकीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि काकाच्या तोंडाशी धरला. "मुंह खोल."

सत्तरीच्या काकाने तोंड उघडलं. घास गिळेपर्यंत त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं, आणि ते त्याने पुसलं नाही.

मग कसली पंगत आणि कसलं पहिलं पान! कॅम्पाच्या बायका वस्तीला वाढत होत्या, वस्तीच्या बायका त्यांना ओढून बसवत होत्या. लिहून आणलेली भाषणं राहिली बाजूला, एकेक जण उठून आजीची गोष्ट सांगत होता आणि मंडप हसून हसून लोळत होता. हातगाडी, गॅलरी, नदी, नागपूर. एवढं मोठं आयुष्य आमच्या घरात मावत नव्हतं म्हणून तिने ते तीन गावांत वाटून ठेवलं होतं. मला तिचा असा अभिमान वाटला की रडायचं राहूनच गेलं.

अकोल्याला परत आल्यावर सगळे विचारतात, कार्य कसं झालं, आजीची शेवटची इच्छा पाळली ना? मी खरं तेच सांगते. नाही पाळता आली. गिऱ्हाइकांना आधी जेवू घाला म्हणाली होती, पण त्या दिवशी आमच्या दारात गिऱ्हाईक एकसुद्धा आलं नाही.