बंबाची तोटी
आज गिझरमधून गरम पाणी येईना, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "आत क्षार साचलाय," आणि मला आमच्या जुन्या तांब्याच्या बंबाची तोटी आठवली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पाऊस नव्हता, आणि निलंग्यात आमच्या गल्लीला टँकरचं खारं पाणी यायचं. अशाच एका सकाळी आई गेली. तिच्या शेवटच्या अंघोळीसाठी वडिलांनी बंब पेटवला; पाणी उकळलं, पण क्षारानं बुजलेल्या तोटीतून थेंब पडेना. अंगणात बाया ताटकळल्या होत्या. वडील तुराट्यांच्या धुरात उकिडवे बसून तोटीत तार घालत राहिले. आत्या म्हणाली, "दादा, गारच घालू की आता. लई येळ व्हायलाय." वर न बघता वडील म्हणाले, "तिला गार न्हाई सोसत." मग तोटी एकदम मोकळी झाली आणि कढत पाणी त्यांच्या हातावर पडलं. त्यांनी हात मागे घेतला नाही, फक्त घागर पुढे सरकवली. माती देऊन सगळे परतल्यावर बंबात उरलेल्या पाण्यानं मी अंघोळ केली. त्या दिवशी मी रडल्याचं मला आठवत नाही. पाणी चांगलं गरम होतं, एवढं आठवतं.