वळणाआधीची वीतभर जागा

मागच्या खोलीत फळीवर मी माझ्या छोट्या रेल्वेचे रूळ घालतो आहे. वळणाची त्रिज्या चोवीस इंच, तीनदा मोजलेली. तरी सरळ रूळ संपून वळण लागतं, नेमका तिथेच शेवटचा डबा उलटतो.

"अहो, वळण बरोबरच असेल," चहा ठेवताना बायको म्हणाली. "पण डब्याला आधी कळू तरी द्या, वळायचंय म्हणून."

मी एक पातळ लाकडी पट्टी घेतली, तिचं एक टोक सरळ रुळालगत खिळ्यांनी धरलं आणि दुसरं वळणाच्या बाजूला हलकेच ओढलं. पट्टी आपसूक वाकली. आधी जाणवणारही नाही इतकी, मग थोडी, मग पुरती. त्या रेषेवर वीतभर रूळ बसवला. डबा सुखरूप गेला.

आणि माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. रविवारी टेम्पो सांगितलाय. आई गेल्यापासून गावी एकटे राहणारे माझे वडील, अण्णा, कायमचे आमच्याकडे येणार. पलंगाची लांबी, दाराची रुंदी, बाथरूममधल्या कठड्याची उंची, सगळं मी मोजलंय. त्यांना मात्र फोनवर एकदाच सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले होते.

मी फोन लावला. "अण्णा, सामान राहू दे. आधी आठ दिवस नुसते या. नाही करमलं तर मीच परत सोडीन."

पलीकडून हळूच आवाज आला, "म्हणजे इथल्या घराची किल्ली माझ्याजवळच ठेवू ना?"

ती कुणाकडे द्यायची, हे मी मोजलंच नव्हतं.